हमबकरवर हुपरीची चांदी, सिंगल कॉइलवर चपलेचं चामडं: आवाज न बिघडवता कसं बसवायचं?

रंकाळा_रिव्हर्ब

नमस्कार मंडळी. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे. तारांखाली तीन पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबक आणि कॉइलच्या जोड्या. नेकला (दांड्याकडे) आणि मध्ये एका कॉइलचे सिंगल कॉइल, ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात तिथे) दोन कॉइलचा उघडा हमबकर. बॉडीचं लाकूड सुरेख आहे, पण त्यावर ती पांढरी प्लॅस्टिकची कव्हरं आणि काळी बॉबिनं (कॉइलची रिळं) अगदीच परकी वाटतात. पिकअपचं रूप कोल्हापुरी करायचं ठरवलंय.

ब्रिजच्या हमबकरला चांदीचं पूर्ण कव्हर आणि त्यावर साजातली पानं उठावात हवी आहेत: मासा, कासव, चंद्र, बेलपान. सिंगल कॉइलवर चपलेचं चामडं, जमलं तर कडेनं बारीक वेणी. हुपरीच्या कारागिरानं ०.५ मि.मी. पत्रा सुचवलाय.

मापं अशी. सिंगल कॉइलमध्ये पहिल्या पोलच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत ५२ मि.मी., पोल म्हणजे अल्निको चुंबकाच्या कांड्या, उंचीला कमी-जास्त. हमबकरचं तेच अंतर ५२ मि.मी. मल्टिमीटरवर नेक ५.९, मधला ६.१, ब्रिज ८.२ किलोओहम. शेवटचा फ्रेट (दांड्यावरची आडवी पट्टी) दाबल्यावर जाड ई तारेखाली २.४ आणि बारीक ई तारेखाली २ मि.मी. फट राहते.

चांदी चुंबकाला चिकटत नाही, मग ‘धातूनं आवाज मरतो’ असं का म्हणतात? चामडं किती जाडीचं घ्यावं, कशानं चिकटवावं, भोकं कशी पाडावीत? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते टिकेल का?

बेचाळीस_गेज

आधी चांदीचं बोलतो, कारण ऑर्डर देण्याआधी हे कळायला हवं.

अडचण चुंबकाची नाही, विजेची आहे. तार हलली की पिकअपमधलं चुंबकीय क्षेत्र हलतं. त्या बदलत्या क्षेत्रात धातूचा अखंड पत्रा असला की पत्र्याच्या आत गोल फिरणारे प्रवाह तयार होतात. त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह मूळ बदलाला विरोध करतात आणि वारंवारता जितकी वरची तितका विरोध जास्त. त्यामुळे बास जवळजवळ तसाच राहतो आणि वरची चमक जाते. धातू विजेचा जितका चांगला वाहक तितकं नुकसान मोठं, आणि चांदी तर सगळ्या धातूंत पहिल्या नंबरची वाहक. म्हणजे कव्हरसाठी याहून वाईट धातू शोधून सापडणार नाही.

आकड्यात बघा. तांब्याची वाहकता १०० धरली तर चांदी १०५, नेहमीचं पितळ २८ च्या आसपास आणि जर्मन सिल्वर ६ च्या आसपास. इतक्या पातळ पत्र्यात परिणाम साधारण जाडीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वाहकतेला जाडीनं गुणायचं. अर्धा मि.मी. जर्मन सिल्वर म्हणजे ३, अर्धा मि.मी. पितळ म्हणजे १४, आणि तुमचा अर्धा मि.मी. चांदीचा पत्रा ५२ च्या वर. नेहमीच्या कव्हरच्या सतरा पट. ०.१ मि.मी. पर्यंत पातळ केला तरी १०.५ येतात, साडेतीन पट. शिवाय एवढ्या पातळ पत्र्यावर उठाव धरत नाही, बोटानं दबतो.

सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी हमबकर बनवला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५९ मध्ये ते मिळालं. त्या पिकअपचं कव्हर जर्मन सिल्वरचं होतं, आणि चांगल्या कव्हरांना आजही तोच धातू वापरतात. नावात सिल्वर असलं तरी त्यात चांदी नाही, तांबं, जस्त आणि निकेलचं मिश्रण आहे. वाहकता कमी आणि सोल्डर छान धरतं, या दोन्ही गोष्टी इथे कामाला येतात.

म्हणून भावा, चांदीचा नाद सोडू नको, फक्त चांदीची जागा बदल. कव्हर जर्मन सिल्वरचं घे, उठाव त्यावर करून घे आणि शेवटी चांदीचा मुलामा दे. दहा मायक्रॉन मुलामा म्हणजे ०.०१ मि.मी., वरच्या हिशेबात जेमतेम १. कानाला कळणार नाही आणि दिसायला निखळ चांदी.

कव्हर घेताना तीन गोष्टी बघ. फ्रीजवरचं चुंबक लाव, घट्ट चिकटलं तर कव्हर लोखंडी आहे, परत कर. निकेलचा थर असेल तर अगदी हलकी ओढ जाणवते, ती चालते. मग आतल्या बाजूला ब्लेडनं ओरखडा काढ. पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर जर्मन सिल्वर. तिसरं, क्रोमचं कव्हर घेऊच नको. क्रोमवर चांदी बसत नाही, आधी क्रोम उतरवावा लागतो, आणि उठावाच्या ठोक्यानं तो तडकतो. कोणताही थर नसलेलं कच्चं कव्हर मिळालं तर सगळ्यात बरं.

उठावासाठी बिनभोकाचं कव्हर घे. म्हणजे पोलच्या अंतराचा प्रश्न मिटतो आणि माशाच्या पोटात भोक येत नाही. फक्त हमबकरचे सहाही स्क्रू पोल बॉबिनच्या पातळीला येईपर्यंत खाली घ्यावे लागतील.

कारागिराला नेमकं काय सांगायचं ते असं. कव्हर उलटं करून त्यात राळ भरायची, थंड झाल्यावर सुलट करून वरून कलमानं काम करायचं. राळ नसेल तर मधला भाग खोलगट होतो आणि नंतर तो बॉबिनवर टेकतो. हे काम खरं तर ‘उठाव’ नव्हे, पानाभोवतीची जमीन दाबायची आहे. पान वर काढायला गेलं की उंची वाढते. खोली ०.३ मि.मी. पुरे, पॉलिशनंतर दाबल्या भागात काळं ठेवलं की पान उठून दिसतं. जर्मन सिल्वर चांदीपेक्षा लवकर कडक होतं, म्हणून काम निम्मं झालं की राळ काढून पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करायला सांग. सरळ ठोकत राहिलं तर कोपऱ्यावर तडा जातो. शेवटी राळेचा अंशही आत राहता कामा नये, नाहीतर सोल्डर करताना ती वितळून कॉइलवर उतरते. टर्पेंटाइननं पुसून साबणाच्या पाण्यानं धुवायचं आणि मगच मुलाम्याला द्यायचं.

आणि ऐकल्याशिवाय विश्वास ठेवू नको. कारागिराकडून त्याच ०.५ मि.मी. चांदीचा हमबकरएवढा तुकडा तासाभरासाठी माग. अ‍ॅम्पचा टोन पूर्ण उघडा ठेवून, आवाज स्वच्छ ठेवून, ब्रिज पिकअपवर पाचव्या आणि सातव्या फ्रेटची हार्मोनिक्स (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारे घंटीसारखे स्वर) वाजवून रेकॉर्ड कर. मग तुकडा पिकअपवर दुतर्फी टेपनं लावून तेच वाजव. दोन्ही एकामागून एक ऐक.

रापी_आणि_आरी

चामड्याबद्दल सविस्तर लिहितो. इथे चूक झाली की ती दोन महिन्यांनी दिसते, तोवर सगळं छान वाटतं.

तळाचं म्हशीचं चामडं विसरा, ते तीन मि.मी.च्या पुढेच असतं. वेणीसाठी शेळीचं पातळ चामडं वापरतात, ते मागा. चप्पल लाईनला (कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात) विकत मिळणार नाही, कारागिराकडेच जायला हवं. जाडी ०.६ ते ०.८ मि.मी. घ्या आणि रापीनं (चामडं तासायच्या पात्यानं) आतल्या बाजूनं ०.५ वर आणा. कडेचे ५ मि.मी. आणखी पातळ, ०.३ पर्यंत. रापी नवीन धार लावलेली हवी आणि चामडं काचेवर ठेवायचं. लाकडावर ठेवलं तर रापी खाली रुतते आणि चामड्याला खिडकी पडते.

आता कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट. सिंगल कॉइलचं कव्हर पिकगार्डच्या (बॉडीवरच्या सपाट पाटीच्या) खाचेतून वर येतं आणि तिथे फट अगदी थोडी असते, प्रत्येक बाजूला पाव मि.मी.च्या आसपास. कव्हरच्या बाजूंवर चामडं गुंडाळलं की ०.३ आणि ०.३ मिळून ०.६ मि.मी. रुंदी वाढते आणि कव्हर खाचेत अडकतं. दाबून घातलं तर उंचीचे स्क्रू फिरवूनही पिकअप खालीवर होत नाही आणि चामड्याची कड सोलली जाते. दोनच मार्ग आहेत. एक, पिकगार्डची खाच चपट्या कानशीनं प्रत्येक बाजूला ०.४ मि.मी. मोठी करायची. दुसरा, चामडं फक्त माथ्यावर लावायचं, कड ४५ अंशात तासायची आणि कडेला चामड्याचाच रंग द्यायचा. पिकगार्ड मूळचा आणि जपायचा असेल तर दुसरा मार्ग घ्या.

वेणी कव्हरवर नको. शेळीच्या चामड्याची तिपेडी वेणी कितीही बारीक केली तरी दीड-दोन मि.मी. उंच होते, आणि तारेखाली तुमच्याकडे एकूण दोनच मि.मी. आहेत. ती पिकगार्डवर, खाचेच्या भोवती फिरवा. तिथे तारेपर्यंत भरपूर जागा असते. फक्त दोन टोकं जिथे मिळतात तो सांधा नेकच्या बाजूला ठेवा, ब्रिजच्या बाजूला पिक घासून तो उसवतो.

चिकटवण्याचा क्रम असा. नवं सुटं कव्हर घ्या, मूळचं डब्यात ठेवा. माथा २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा, पेपर काचेवर सपाट चिकटवलेला हवा. नुसती चमक घालवू नका, कव्हरच्या माथ्याची जाडी दीड मि.मी. असेल तर अर्धा मि.मी. घासून काढा. चामड्याचा अर्धा मि.मी. तिथेच वसूल होतो आणि पिकअपची उंची बदलावी लागत नाही. मग फेविकॉल एसआर ९९८ चा अगदी पातळ हात दोन्हीकडे. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकट वाटलं पाहिजे पण बोटाला येता कामा नये. घाई केली तर त्यातलं सॉल्व्हंट आत कोंडतं आणि कव्हरचं एबीएस प्लॅस्टिक मऊ पडून माथा लाटेसारखा होतो. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, म्हणून कव्हरच्या मधल्या रेषेवरून बाहेरच्या बाजूला दाबत जा.

भोकं चिकटवल्यावर पाडायची. कव्हरच्या आतून आरीनं प्रत्येक भोकाच्या मध्यावर टोचा, वरून खूण दिसेल. कव्हरच्या पोकळीत घट्ट बसणारा लाकडी ठोकळा घाला आणि वरून ४ मि.मी.च्या पंचानं एकेक भोक पाडा. उरलेली कड नव्या ब्लेडनं कव्हरच्या भोकाच्या रेषेत कापा. भोक सैल हवं. घट्ट ठेवून कांड्या दाबत बसवू नका, कारण या जातीच्या पिकअपमध्ये तांब्याची तार थेट चुंबकाच्या कांड्यांभोवती गुंडाळलेली असते. कांडी केसभर सरकली तरी आतली तार तुटते, आणि ती तार ०.०६ मि.मी. जाडीची असते. पिकअप मेला की पुन्हा गुंडाळण्याशिवाय इलाज नाही. कव्हर घालण्याआधी आणि नंतर मल्टिमीटर लावा: ५.९ होते तर ५.९ च दिसले पाहिजेत.

आता दोन महिन्यांनी दिसणारी चूक. आपलं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, म्हणजे त्यात टॅनिन भरपूर. टॅनिन, ओलावा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई तयार होते, पूर्वी शाई याच रसायनानं करायचे. अल्निकोत लोखंड असतं. जुलैची दमट हवा आणि हाताचा घाम मिळाला की प्रत्येक पोलभोवती काळं कडं उमटतं, आधी सुईच्या टोकाएवढं, मग हळूहळू पसरत जाणारं. ते धुऊन जात नाही. म्हणून कव्हर घालण्याआधी सहाही कांड्यांच्या टोकांना आणि बाजूंना पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या आणि भोकाच्या आतल्या कडेला लाखेचं पॉलिश फिरवा.

नव्या चपलेला एरंडेल लावतात तसं इथे लावू नका. तेल खाली झिरपतं आणि एसआरचा थर सुटतो. पावसाळ्यासाठी माथ्यावर मेणाचं शू-पॉलिश, कोरड्या फडक्यानं चोळून, आणि गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. बुरशीची पांढरी झाक दिसलीच तर कोरड्या ब्रशनं झाडून वाऱ्यावर ठेवा, ओलं फडकं नको.

रंकाळा_रिव्हर्ब

एवढ्या बारकाईनं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पत्र्याचा गुणाकार बघून चांदीची ऑर्डर थांबवली, मुलाम्याचा मार्ग पक्का.

दोन शंका. हमबकर आत्ता उघडा आहे, त्यावर कव्हर बसवताना काय काळजी घ्यायची? आणि मधल्या सिंगल कॉइलवर चामड्याऐवजी खणाचं कापड लावायचं म्हटलं तर जरीची अडचण येईल का? नेकवर चामडं आणि मध्ये खण असं मनात येतंय.

उद्यमनगर_लेथ

उघड्या हमबकरवर कव्हर घालण्याआधी मोजा. कॉइलवर जी काळी टेप गुंडाळलेली असते ती धरून दोन्ही बॉबिनची एकूण रुंदी व्हर्नियरनं घ्या आणि कव्हरच्या आतल्या मापाशी ताडून बघा. बऱ्याचदा टेपच आडवी येते. कव्हर रेटू नका, टेपचा एक वेढा काढून पातळ टेप लावा. टेप सोडवताना टेपच्या चिकटासोबत कॉइलची बाहेरची तार वर येते आणि काम तिथेच संपतं, म्हणून अगदी हळू, पिकअपला समांतर ओढत काढा.

खाली बेसप्लेट (पिकअपच्या तळाचा पत्रा) कशाची आहे तेही बघा. कव्हर दोन ठिकाणी बेसप्लेटला सोल्डर व्हायलाच हवं, लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. हे कव्हर अर्थला जोडलं नाही तर ते अँटेनासारखं वागतं आणि हात लावला की गुणगुणतं. पंचवीस वॉटच्या सोल्डर गननं हे जमत नाही, कारण सगळी उष्णता पत्रा खातो आणि तुम्ही मिनिटभर टेकवून बसता. तोवर आतलं बॉबिन वाकतं. साठ ते ऐंशी वॉट, रुंद चपटं टोक, दोन्ही जागा आधी घासून फ्लक्स लावून, तीन-चार सेकंदात काम. मुलामा दिल्यावर सोनाराला लाखेचा किंवा लॅकरचा हात द्यायचा असेल तर या दोन जागा सोडायला सांगा, लॅकरवर सोल्डर धरत नाही.

शिट्टीचं काय ते ऐका. कव्हर आणि बॉबिन यांच्यात पोकळी राहिली तर अ‍ॅम्पचा गेन वाढवल्यावर कव्हरच माइकसारखं थरथरतं आणि पिकअप किंचाळतो. उपाय मेणाचा. पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग. भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर कधीच नाही, मेणाच्या वाफा पेटतात. थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंश. सत्तरच्या पुढे काही प्लॅस्टिकची बॉबिनं मऊ पडतात. कव्हर सोल्डर केलेला हमबकर पंधरा-वीस मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि उलटा धरून निथळू द्या. खोदलेल्या भागात मेण बसतं, ते गरम असतानाच मऊ फडक्यानं टिपा. गार झाल्यावर टोकरलात तर मुलाम्यावर ओरखडे येतील.

चामडं किंवा लाकूड लावलेलं काहीही मेणात बुडवू नका. चामडं काळपट होतं, एसआर सुटतं. आधी मेण, मग सजावट. आणि मेण लागलेल्या पृष्ठभागावर कुठलाच गोंद धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी लाइटर फ्लुइडनं झटपट पुसा. थिनर वापरला तर प्लॅस्टिक आणि तारेवरचं इनॅमल दोन्ही जातं.

हमबकरच्या भोवतीची रिंग इथे पितळेची करून घ्यायचा मोह होईल, कारण आपल्याकडे मिलिंगवर ती सहज निघते. रिंग म्हणजे कॉइलभोवतीचा बंद वेढा, पत्र्याइतका नाही पण थोडा परिणाम होतोच. एका बाजूला सोनाराच्या बारीक करवतीनं आरपार एक काप द्या, अर्धा मि.मी. पुरे. काळ्या एपॉक्सीनं भरला की दिसत नाही आणि वेढा तुटतो. काप स्क्रूच्या भोकातून नेऊ नका, तिथे रिंग कमजोर होते आणि स्क्रू आवळताना उघडते.

जवारी_मिरज

उद्यमनगरवाल्यांचं बरोबर, पण त्यात एक भर. कव्हरशिवायही हमबकर सजवता येतो आणि मला तोच मार्ग जास्त आवडतो, कारण चूक झाली तरी मूळ पिकअपला धक्का लागत नाही. बॉबिनच्या माथ्याएवढी १ मि.मी.ची चकती करायची आणि ती पातळ दुतर्फी टेपनं बसवायची. नको झाली की निघते.

चकतीसाठी ०.६ मि.मी.चा शिसवी किंवा फणसाचा विनियर, खाली ०.४ मि.मी.चा काळा फायबरचा कागद. विनियर टिंबर मार्केटमध्ये मिळेल. नुसता विनियर भोकांच्या ओळीत चिरतो, खालचा कागद त्याला धरून ठेवतो. दोन्ही अरल्डाइटनं जोडा, दोन सपाट काचांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून चोवीस तास वजनाखाली. पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी वापरू नका, पसरून दाबेपर्यंत घट्ट होतं आणि मध्ये उंचवटा राहतो.

चांदीची पानं इथे खरी बसवता येतील. पूर्ण पत्रा मारक आहे, पण सुटी सुटी छोटी पानं नाहीत. एडी करंटला मोठा वेढा लागतो. आठ-दहा मि.मी.चा मासा, त्याच्या शेजारी लाकूड, मग कासव, असं तोडून टाकलं की प्रवाहाला फिरायला जागा उरत नाही. ०.३ मि.मी. पत्र्यातून पानं कापा आणि विनियरमध्ये तेवढीच खोल खाच करून बसवा. फक्त एक पाळा: कोणतंही पान पोलच्या भोवती कड्यासारखं फिरवू नका. पोलभोवती बंद कडं म्हणजे जिथे क्षेत्र सगळ्यात दाट तिथेच शॉर्ट झालेला वेढा. चंद्रकोर ठेवा, पूर्ण वर्तुळ नको.

मिरजेत सतार-तानपुऱ्यावर नक्षी बसवणारे हात अजून आहेत, कोल्हापूरपासून तासाभरावर. खाच करायची त्यांची पद्धत इथे तशीच चालते: आधी नक्षी कापायची, ती लाकडावर ठेवून कडेनं टोकदार सुईनं रेघ मारायची आणि रेघेच्या आतच कोरायचं. खाच आधी करून पान नंतर कापणारा फटीत गोंद भरत बसतो. शिंपला वापरणार असाल तर ओला ठेवून कापा आणि मास्क लावा, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

चकती बसवल्यावर स्क्रूचे पोल १ मि.मी. वर घ्यायचे. स्क्रू काढताना एका वेळी एकच काढा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा. दुसऱ्या कॉइलचे पोल मात्र चकतीखालीच राहतात. तिथे तारेचं अंतर १ मि.मी. वाढल्यानं त्या कॉइलचा वाटा थोडा कमी होतो आणि आवाज किंचित स्क्रूच्या बाजूचा होतो. घरघर कापण्याचं काम यामुळे बिघडत नाही. ते दोन्ही कॉइलच्या वेढ्यांवर चालतं, तारेच्या अंतराशी त्याचा संबंध नाही.

बेचाळीस_गेज

जवारीचं सुट्या पानांचं म्हणणं पटलं. वरच्या माझ्या हिशेबात अखंड पत्रा धरला होता, तुकड्यांना तो लागू नाही.

खण_आणि_जर

मधल्या पिकअपवर खण लावायला काहीच हरकत नाही. आजच्या बहुतेक जरीत धातू नावालाच असतो, पॉलिस्टरच्या पट्टीवरचा पातळ थर. जुन्या खणात खरी तार निघू शकते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एकाच जरीच्या धाग्यावर दोन टोकं टेकवा, बीप आला तर धातू आहे. तसा असला तरी एडी करंटची भीती नाही, धागे बारीक आणि एकमेकांपासून रेशमानं वेगळे. पण धातूची जर पोलच्या कांडीला टेकली तर त्या कांड्या एकमेकींना जोडल्या जातात आणि कापडावर बोट ठेवलं की टकटक-गुणगुण येते. म्हणून भोकाभोवती १ मि.मी. कापड सोडून द्या, आणि जरीचा काठ पोलच्या ओळीवर न घेता कव्हरच्या लांब कडेला घ्या. दिसायलाही काठ कडेलाच शोभतो.

कापड कापण्याआधी ताठ करून घ्या. पांढरा फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, ब्रशनं उलट बाजूनं लावायचं, काचेवर ताणून सुकवायचं. मग धागे सुटत नाहीत आणि खणाची चौकट तिरकी होत नाही. कव्हरवर एसआरपेक्षा अरल्डाइटचा पातळ थर बरा, एसआरचा पिवळेपणा फिकट रेशमातून वर दिसतो. थर जास्त झाला तर तो कापडातून वर येऊन डाग पडतो. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं खरवडून अगदी ओलसर वाटेल एवढाच ठेवा.

वरून पारदर्शक एपॉक्सी ओतायची कल्पना असेल तर त्याच खणाच्या कातरणावर आधी करून बघा. भिजल्यावर खणाचा रंग दोन छटा गडद होतो आणि सुकल्यावरही तसाच राहतो. जांभळा जवळजवळ काळा दिसतो, हिरवा आणि लाल मात्र टिकतात. मधल्या पिकअपवर पिक नेहमी घासतो, त्यामुळे काहीतरी थर हवाच. एपॉक्सी नको असेल तर पाण्यातल्या पॉलियुरेथेन लॅकरचे चार पातळ हात, प्रत्येकानंतर दोन तास आणि तिसऱ्यानंतर ६०० नंबरनं हलकं घासून. बसवल्यावर शेवटचा फ्रेट दाबून सहाही तारांखाली फट पुन्हा मोजा. कापड, गोंद आणि लॅकर मिळून साधारण ०.४ मि.मी. वाढलेले असतात, तेवढा पिकअप खाली घ्या.